पीआयडी १ चा वाद आपल्याच मशीनवर कसा तपासायचा

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती. रात्री लाईट गेली, यूपीएस संपला आणि लॅबचा सर्व्हर बंद पडला. सकाळी सव्वासातला मी बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ आली. तिच्या डाव्या कडेला लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या आणि उजवीकडे दीड मिनिटांपैकी किती सेकंद झाले ते मोजलं जात होतं. दीड मिनिट भरलं, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं आणि रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड मागून थांबलं. आठ वाजता पहिली बॅच येणार होती.

कारण सापडलं तेव्हा आम्ही तिघंही गप्प झालो. सर्व्हरला बॅकअपसाठी एक यूएसबी डिस्क जोडलेली असायची. सुरक्षित राहावी म्हणून ती कोणीतरी काढून कपाटात ठेवली होती, पण कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाईलमध्ये तिची नोंद तशीच होती. गणपतीच्या सुट्टीत आम्ही डेबियन या लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीवरून ८ वर गेलो होतो. इनिट म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा आणि बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम; त्याचा प्रोसेस क्रमांक, म्हणजे पीआयडी, १ असतो. त्या अपग्रेडमध्ये जुनी सिसव्ही इनिट जाऊन सिस्टिमडी नावाची नवी आली. तेव्हा डिस्क जोडलेली होती, म्हणून काही कळलं नाही.

आमचे सर, ज्यांनी ही लॅब उभी केली, म्हणाले, "अगं, एक बॅकअपची डिस्क नाही म्हणून सगळं दुकान बंद? पूर्वी कधी असं झालं नाही." खरंच झालं नव्हतं. जुन्या पद्धतीत माउंट, म्हणजे डिस्क एखाद्या फोल्डरला जोडणं, फसल्याची एक ओळ स्क्रीनवर यायची आणि मशीन पुढे जायचं.

नवीन लागलेला आमचा सहकारी म्हणाला, "पण सर, डिस्क नसताना सर्व्हर चालू झाला असता, तर रात्रीचा बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच पडत राहिला असता. भरून गेल्यावर कळलं असतं." हेही खरं होतं.

मशीन सुरू होताना काय व्हावं, यावर लिनक्सच्या जगात इतकी वर्षं जे भांडण चाललंय, ते माझ्यासाठी या दोन वाक्यांत मावतं. एखादी गोष्ट जागेवर नसेल तर थांबायचं की पुढे जायचं, आणि ते कोण ठरवणार? मी दोन्ही बाजू वर्षानुवर्षं ऐकल्या. दुसऱ्यांच्या मतावर मत बनवण्यापेक्षा एका रविवारी स्वतः तपासावं, म्हणून मी जे जे करून पाहिलं ते क्रमाने लिहिते. लॅबच्या खऱ्या मशीनवर काही करू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन १२ टाका, २ जीबी मेमरी पुरते. बसवताना रूटचा पासवर्ड द्यायला विसरू नका, पुढे लागणार आहे.

एक सूचना. कमांड मी बोलताना म्हणते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या. युनिट फाईल, म्हणजे एखादी सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाईल, तिच्यात = च्या डावीकडच्या शब्दांची पहिली अक्षरं मात्र मोठी असतात.

आधी पीआयडी १ कोण आहे ते पाहा

टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

पीएस -पी १

शेवटच्या रकान्यात सिस्टिमडी दिसलं तर तेच. सिस्टिमडी न वापरणाऱ्या डेव्हुआन या लिनक्सवर तिथे इनिट दिसेल, व्हॉइड लिनक्सवर रनिट. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः जागा झाला की वापरकर्त्याच्या बाजूची पहिली प्रोसेस म्हणून हाच एक प्रोग्राम चालवतो. बाकी सगळे त्याची मुलं, नातवंडं. ज्यांचे आईबाप मेले त्या अनाथ प्रोसेसही सहसा याच्याच पदरात येतात. म्हणून या जागेवर कोण बसतं याबद्दल माणसं इतकी हळवी आहेत.

पुढचा प्रयोग मी प्रत्येक नव्या बॅचला करून दाखवते. व्हर्च्युअल मशीन रीस्टार्ट करा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला की ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जा आणि हे जोडा:

इनिट=/बिन/बॅश

मग कंट्रोल-एक्स. थोड्याच वेळात नुसता शेल समोर येईल. त्याला त्याचा स्वतःचा क्रमांक विचारा: इको, आणि पुढे दोन डॉलर चिन्हं. उत्तर येतं १. कर्नलला सिस्टिमडीच हवी, सिसव्हीच हवी असं काही नसतं, त्याला चालवण्यासारखा कुठलाही प्रोग्राम चालतो. आता आजूबाजूला पाहा. नेटवर्क नाही, लॉगिन नाही, मूळ डिस्क फक्त वाचता येते, लॉग कोणी लिहीत नाही. इनिट रोज काय काय करते ते इथे ती नसल्यामुळे दिसतं. शेवटी एक्झिट टाइप करा. कर्नल पॅनिक होईल आणि कारण लिहिलेलं असेल: अटेम्प्टेड टू किल इनिट. पहिली प्रोसेस मेली की कर्नलकडे दुसरा उपाय नसतो. "पीआयडी १ जितकी लहान तितकी बरी," असं सर का म्हणायचे, ते मला पुस्तकातून नाही, या पॅनिकच्या स्क्रीनवरून पटलं.

भांडण कुठून आलं, थोडक्यात

सिसव्हीची पद्धत साधी होती. ० ते ६ असे रनलेव्हल, म्हणजे मशीनच्या अवस्था. प्रत्येकाच्या डिरेक्टरीत एस किंवा के अक्षराने सुरू होणाऱ्या लिंक, पुढे दोन आकडी क्रमांक, आणि त्या क्रमाने एकामागून एक शेल स्क्रिप्ट चालायच्या. नाव वाचून क्रम कळायचा. अडचण अशी होती की मशीनला यूएसबी लागते, निघते, नेटवर्क उशिरा येतं, आणि ठरावीक क्रमांकांची ही रांग त्यासाठी बांधलेली नव्हती. ही अडचण फक्त लिनक्सची नव्हती. २००५ मध्ये सोलारिस १० या युनिक्सने जुन्या पद्धतीच्या जागी एसएमएफ आणला, त्याच वर्षी ॲपलने मॅकच्या टायगर आवृत्तीत लाँचडी आणली. २००६ मध्ये उबंटू ६.१० मध्ये अपस्टार्ट आली. ३० एप्रिल २०१० ला लेनार्ट पॉटरिंग यांनी पीआयडी १ चा नव्याने विचार मांडणारा लेख लिहिला, आणि के सीव्हर्स यांच्यासोबत सिस्टिमडी उभी केली. फेडोरा १५ मध्ये, म्हणजे मे २०११ मध्ये, ती मुख्य इनिट झाली.

खरी ठिणगी डेबियनमध्ये पडली. ११ फेब्रुवारी २०१४ ला तांत्रिक समितीत सिस्टिमडी आणि अपस्टार्ट यांना ४-४ मतं होती, आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आली. तीनच दिवसांनी उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबंटूही तिकडेच जाईल असं जाहीर केलं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत समितीतून राजीनामे पडले, जुने डेव्हलपर प्रकल्प सोडून गेले, आणि सिस्टिमडीशिवायचं डेबियन म्हणून डेव्हुआनची घोषणा झाली. त्याची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये आली. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनने पुन्हा मतदान घेतलं. सिस्टिमडी मुख्य, पण पर्याय शोधणाऱ्यांना मदत करायची, असा मधला ठराव जिंकला.

इतका इतिहास पुरे. आता हात घाला.

डिस्क नसलेलं मशीन मुद्दाम बनवा

ऑक्टोबरची ती सकाळ व्हर्च्युअल मशीनमध्ये पुन्हा घडवायची. बॅकअप नावाचं एक फोल्डर मूळ डिरेक्टरीत करा. मग /ईटीसी/एफएसटॅब उघडा आणि एक खोटी ओळ जोडा: अस्तित्वात नसलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), माउंटची जागा /बॅकअप, प्रकार ईएक्सटी४, पर्याय डिफॉल्ट्स. रीस्टार्ट करा. लाल चांदण्या, दीड मिनिट, आणि इमर्जन्सी मोड. घाबरायचं नाही. रूटचा पासवर्ड देऊन आत जा आणि पाहा:

जर्नलसीटीएल -एक्सबी

शिफ्ट-जी दाबून शेवटाला जा आणि तिथून वर वाचत या. डिपेंडन्सी फेल्ड असे शब्द दिसतील. त्याच्या थोडं वर ज्या डिस्कची वाट पाहून वेळ संपली तिचं नाव असतं. हे वाचायची सवय हाताला लागली की निम्मी भीती जाते. एफएसटॅब दुरुस्त करताना फाईल लिहिता येत नाही असं आलं, तर मूळ डिस्क लिहिण्याजोगी करून घ्या:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

लिनक्सच्या काही डिस्ट्रोंवर (वेगवेगळ्या रूपांवर), उदाहरणार्थ उबंटूवर, रूटचं खातंच बंद असतं. तिथे इमर्जन्सी मोड उघडतो पण आत घेत नाही. तेव्हा वरचा ग्रबमधला बॅशचा रस्ता कामी येतो. त्या प्रयोगाचा आग्रह मी धरला तो यासाठी.

आता उपाय. एफएसटॅबमधल्या त्या ओळीत डिफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन हे दोन पर्याय लिहा:

नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस

पहिला म्हणतो, ही डिस्क नसली तरी बूट अडवू नको. दुसरा म्हणतो, तिची वाट दहा सेकंदच पाहा. रीस्टार्ट करण्याआधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ही कमांड द्या. एफएसटॅबमधली चूक ती आधीच सांगते. आमच्या लॅबमध्ये एफएसटॅबला हात लावला की ही कमांड दिल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, असा नियम आहे.

आता सर्व्हर उठतो. पण सहकाऱ्याचा प्रश्न तसाच उरतो: डिस्क नाही, आणि बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये चाललाय. त्याचे दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही वापरते.

पहिला सरांचा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये अगदी वर एक ओळ: माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, पुढे दोन उभ्या रेघा, मग एक्झिट १. फोल्डरवर डिस्क बसलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच संपते. ही ओळ कुठल्याही इनिटवर, वीस वर्षं जुन्या मशीनवरही चालते.

दुसरा सिस्टिमडीचा. बॅकअपच्या युनिट फाईलमध्ये लिहायचं:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/बॅकअप

म्हणजे या सर्व्हिसला ती जागा माउंट झालेली लागतेच. सिस्टिमडी आधी माउंट करून पाहते, नाही झालं तर सर्व्हिस सुरूच करत नाही आणि तशी नोंद ठेवते. सर्व्हर चालू, बॅकअप थांबलेला. त्या सकाळी दोघंही बरोबर होते. प्रश्न एवढाच होता की थांबायचं कोणी, आणि ते आम्ही मशीनला कधी सांगितलंच नव्हतं. एफएसटॅबमध्ये नुसतं डिफॉल्ट्स लिहिणं म्हणजे सिसव्हीच्या काळात "जमलं तर बघ" होतं. सिस्टिमडीने त्याचा अर्थ "हे हवंच" असा घेतला. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला, आणि आमच्यासारख्या अपग्रेड करणाऱ्यांना तो थेट काळ्या स्क्रीनवर कळला. सिस्टिमडीवरचा माझा राग असेल तर तो एवढ्यावरच आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

लाईट आल्यावर चाळीस मशीन एकदम उठतात तेव्हा

आमच्याकडे विद्यार्थ्यांची होम डिरेक्टरी एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरायला देणाऱ्या पद्धतीने, सर्व्हरवरून येते. लाईट गेली आणि आली की लॅबमधली चाळीस मशीन आधी उठतात, सर्व्हर मागून, कारण त्याला डिस्क तपासायच्या असतात. मशीन सर्व्हरला हाक मारतं, उत्तर नाही, माउंट फसतं, आणि मुलं म्हणतात, "मॅडम, माझ्या फाईली गेल्या."

सर जुन्या काळात एफएसटॅबमध्ये बीजी हा पर्याय लिहायचे: पहिल्यांदा जमलं नाही तर मागच्या मागे प्रयत्न करत राहा. तो आजही चालतो. सिस्टिमडी तो ओळखते आणि त्याचा अर्थ सांभाळते. मी मात्र हे लिहिते:

नोऑटो,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,_नेटडेव्ह

याने बूट होताना माउंट करायचा प्रयत्नच होत नाही. कोणी त्या फोल्डरला पहिल्यांदा हात लावला की तेव्हा माउंट होतं. विद्यार्थी येऊन लॉगिन करेपर्यंत सर्व्हर उठलेला असतो. हरवलेल्या फाईलींच्या तक्रारी त्या सत्रापासून थांबल्या.

बूटचा वेळ मोजा, पण आकडा नीट वाचा

सिस्टिमडीच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने सांगितलं जातं ते म्हणजे बूट लवकर होतं. सर्व्हिसेस एकमेकींची वाट न पाहता एकत्र सुरू होतात. सॉकेट, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती जागा, आधीच उघडून ठेवल्यामुळे ज्याला बोलायचंय तो बोलतो, ऐकणारा थोड्या वेळाने उठला तरी निरोप हरवत नाही. मोजायला दोन कमांड:

सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम

सिस्टिमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन

पहिलीत सर्वाधिक वेळ घेणारी सर्व्हिस वर येते आणि लोक लगेच तिला दोष देऊन बंद करतात. थांबा. त्या एकत्र चाललेल्या असतात, त्यामुळे बेरीज करून काही कळत नाही. शिवाय एखादी नुसती दुसरीची वाट पाहत बसलेली असू शकते. खरी साखळी दुसऱ्या कमांडमध्ये दिसते. तिथे ॲट चिन्हापुढचा आकडा म्हणजे ती सर्व्हिस कधी तयार झाली, अधिक चिन्हापुढचा म्हणजे तिने स्वतः किती वेळ खाल्ला.

आमच्या मशीनवर साखळीत नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ठळक दिसायची. इथे एक बारकावा आहे आणि तो न कळल्यामुळे मी दोन दिवस घालवले. नेटवर्क.टार्गेट याचा अर्थ नेटवर्क मिळालं असा नाही. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, इतकाच त्याचा अर्थ. खरंच पत्ता मिळालेला हवा असेल तर नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लागतं. तेही आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्ही ओळींत लिहावं लागतं. नुसतं आफ्टर लिहिलं तर "तो येणार असेल तर त्याच्यानंतर" एवढंच होतं, त्याला बोलावलं जात नाही. माझी प्रिंटरची सर्व्हिस त्यामुळे कधी चालायची, कधी नाही. पत्रिकेवर नाव छापलं म्हणजे आमंत्रण पोचलं असं नाही, तसं ते होतं.

सरांची बाजू

सर सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते हट्टी नव्हते. त्यांच्या आक्षेपांत जे मी स्वतः तपासून पाहिलं ते सांगते.

लॉग. सिस्टिमडीची जर्नल बायनरी असते. मशीन बिघडलं आणि डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर साध्या कॅटने ती वाचता येत नाही, जर्नलसीटीएल लागतेच. आमच्याकडे लाईट धाडकन जाते, तेव्हा एखादी जर्नल फाईल अर्धवट राहते. जर्नलसीटीएल --व्हेरिफाय देऊन पाहा, मला अशा फाईली सापडल्या आहेत. आधीच्या बूटमधल्या चुका एका ओळीत मिळणं, म्हणजे जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर, हे मात्र मला साध्या फाईलींतून इतक्या सहज कधी जमलं नाही. डेबियन १२ मध्ये साध्या फाईलींत लॉग लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही. मी सर्व्हरवर तो मुद्दाम बसवते. दोन्ही एकत्र चालतात.

पसारा. सिस्टिमडी फक्त इनिट राहिली नाही. २०१२ मध्ये हार्डवेअर ओळखणारी यूडेव्ह तिच्या सोर्समध्ये आली. लॉगिन सांभाळणाऱ्या लॉगिनडीवर नोम डेस्कटॉप विसंबू लागला, आणि इनिट बदलायची म्हटलं की डेस्कटॉपपर्यंत धागे ओढले जाऊ लागले. पर्याय वापरणाऱ्यांना लॉगिनडी सुटी काढून इलॉगिनडी करावी लागली. मार्च २०२४ मध्ये फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा मला सरांची आठवण झाली. तो दुरून लॉगिन करायच्या एसएसएचपर्यंत पोचला तो अशा वाटेने: काही डिस्ट्रोंनी एसएसएच सर्व्हर लिबसिस्टिमडीशी जोडला होता, तिच्यासोबत एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. जोडणी कशासाठी होती? "मी तयार आहे" एवढा निरोप सिस्टिमडीला द्यायला. तो निरोप एका सॉकेटमध्ये एक ओळ लिहून देता येतो, लायब्ररीची गरज नाही. ओपनएसएसएचने नंतर स्वतः तेच केलं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं.

आपल्या मशीनवर पाहायचं असेल तर एलडीडी कमांडला एसएसएचडीच्या फाईलचा पूर्ण पत्ता द्या आणि यादीत लिबसिस्टिमडी आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि "पसारा" या शब्दाचा अर्थ समोर छापून येतो.

तीच सर्व्हिस तीन पद्धतींनी लिहा

एखादा छोटा प्रोग्राम घ्या. आमच्याकडे लॅबची हजेरी घेणारा एक आहे. सिसव्हीसाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट सत्तर ओळींच्या पुढे गेली होती: वरती एलएसबी या मानकाची टिप्पणी, मग स्टार्ट, स्टॉप, रीस्टार्ट, स्टेटसच्या केस, आणि पीआयडी फाईल. त्या पीआयडी फाईलनेच घात व्हायचा. प्रोग्राम मेला, फाईल राहिली, तो क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळाला, आणि स्टॉप म्हटलं की तिसराच मारला जायचा.

सिस्टिमडीसाठी तीच गोष्ट दहा ओळींत होते. युनिट भागात वर्णन आणि क्रम, सर्व्हिस भागात एक्झेकस्टार्ट= पुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता आणि रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर, इन्स्टॉल भागात वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट. फाईल /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये ठेवा, सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड द्या, मग सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ आणि सर्व्हिसचं नाव. पीआयडी फाईल नाही. प्रोग्रामने किती पोरं जन्माला घातली, त्यातली कोण पळून गेली, हे कर्नलच्या सीग्रुपमध्ये (प्रोसेसच्या गटात) नोंदलेलं असतं. सिस्टिमडी-सीजीएलएस दिलं की सगळं कुटुंब झाडासारखं दिसतं. माझं मन इथे वळलं.

पण आता दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हॉइड लिनक्स टाका. रनिटमध्ये हेच काम तीन ओळींत होतं. /ईटीसी/एसव्ही मध्ये आपल्या नावाचं फोल्डर, त्यात रन नावाची शेल स्क्रिप्ट, तिच्यात एक्झेक आणि प्रोग्राम. त्या फोल्डरची लिंक /व्हार/सर्व्हिस मध्ये केली की पाच सेकंदांत सुरू. प्रोग्रामला मारा, लगेच परत उठतो. यातही पीआयडी फाईल नाही. हे पाहिल्यावर मला कळलं की "सत्तर ओळी की सिस्टिमडी" असा प्रश्न मांडणं चुकीचं आहे. जुन्या स्क्रिप्टला पर्याय एकच नव्हता. डेव्हुआनचा इन्स्टॉलरही सिसव्ही, ओपनआरसी आणि रनिट यांतून निवडायला देतो. वेळ असेल तर तोही करून पाहा.

बंद होताना अडकलं तर

हे पटकन सांगते. शटडाऊनला स्टॉप जॉब म्हणून दीड मिनिट थांबणं हा रोजचा वैताग आहे. अगदीच घाई असेल तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबा, मशीन लगेच रीबूट होतं. कायमचा उपाय म्हणून सगळ्यांचा वेळ एकदम कमी करू नका. डेटाबेसला खरंच वेळ लागतो, मध्येच मारलात तर तुमचंच नुकसान. जी सर्व्हिस अडते तिच्यापुरतं सिस्टिमसीटीएल एडिट वापरा आणि सर्व्हिस भागात टाइमआउटस्टॉपसेक=१५ लिहा.

शेवटी एक वही करा

आमच्या सर्व्हरच्या कपाटात दोनशे पानी वही आहे. एफएसटॅबमधली प्रत्येक ओळ आणि प्रत्येक सर्व्हिस तिच्यात आहे, आणि समोर तीन रकाने: हे नसेल तर काय थांबावं, काय चालू राहावं, कोणाला कळावं. आम्ही तिघांनी एका शनिवारी दुपारी बसून ती भरली. इनिट कुठली बरी यावर आमचं एकमत झालं नाही. वहीवर मात्र दोन तासांत झालं, कारण तिथे प्रश्न आमच्या डिस्कचा आणि आमच्या मुलांच्या फाईलींचा होता. उद्या इनिट बदलली तरी वही तीच राहील. फक्त नोफेलच्या जागी दुसरं काही लिहावं लागेल.

बॅकअप डिस्कची ओळ पहिली आहे, सरांच्या अक्षरात: "सर्व्हर चालू राहावा. बॅकअप थांबावा. मला कळवावं." पहिल्या दोन गोष्टी वर सांगितल्याच. तिसरीसाठी बॅकअपच्या युनिट भागात ऑनफेल्युअर= लिहून पुढे मेल पाठवणाऱ्या एका छोट्या सर्व्हिसचं नाव द्यायचं. बॅकअप फसला की ती सुरू होते. सर निवृत्त झाल्यावर त्या मेलच्या यादीत मी माझा पत्ता घातला. त्यांचा काढला नाही, त्यांनीच काढू नको म्हणून सांगितलं. गेल्या पावसाळ्यात डिस्क निसटली होती तेव्हा सकाळी सहाला पहिला फोन त्यांचाच आला, "अगं, केबल बघ."